नापास केल्याचेही पैसे

अठरा एप्रिल. दुपारी गिऱ्हाईक नसतं, म्हणून दुकानातल्या कूलरचं मागच्या वर्षीचं गवत काढायला बसले होते. नवं गवत भरायचं, टाकी धुवायची आणि मग सावकाश हे लिहायचं, असं ठरवलं होतं. पण शेजारच्या हार्डवेअरवाल्याने आत डोकावून पुन्हा तोच प्रश्न विचारला, "इक्बालभाई करंट लागून गेले म्हन्ते लोकं, खरं काय ताई?" तेव्हा हात पुसले आणि आधी हेच घेतलं. नाही, खरं नाही. इक्बालभाई होळीनंतरच्या आठवड्यात यवतमाळच्या दवाखान्यात हृदय बंद पडून गेले. सकाळी त्यांच्या बायकोचा, सायराभाभींचा फोन आला तेव्हा मी दुकान उघडत होते. अर्धं वर गेलेलं शटर तसंच खाली ओढलं... आयुष्यभर विजेची कामं केलेला माणूस विजेनेच मरावा, अशी आमच्या दारव्हा गावाची इच्छा दिसते. ती त्यांनी पुरी केली नाही. कोणाचीच इच्छा पुरी करण्याची त्यांना सवय नव्हती.

ज्यांना ते माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. विजेच्या सामानाचं दुकान माझं, आणि घरगुती वायरिंगच्या ठेकेदारीचं लायसन्स दुकानाच्या नावावर. नवं मीटर हवं असेल तर घराची वायरिंग तपासली आहे, धोका नाही, असा टेस्ट रिपोर्ट लागतो आणि तो लायसन्सवाल्याच्या सहीने मिळतो. आमच्याकडे ती सही करण्याचा अधिकार दोघांना होता. एक ते, दुसरी मी. मी डिप्लोमा केला आहे, परीक्षा पास झाले आहे. पण लोकांच्या घरी जायचं त्यांनी आणि गल्ला सांभाळायचा मी, ही वाटणी त्यांनी पहिल्याच दिवशी मला न विचारता करून टाकली. मलाही ती सोयीची वाटली, म्हणून टिकली.

आमच्या भागात टेस्ट रिपोर्ट कसा मिळतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कोणी लिहीत नाही. दुकानात यायचं, चहा सांगायचा, फॉर्म पुढे करायचा, शिक्का मारून घ्यायचा. घर कोणी बघत नाही. वायरिंगचा भाव पॉइंटवर ठरतो, एका दिव्याचा इतका, एका पंख्याचा इतका. घासाघीस सुरू झाली की पहिल्यांदा गळका करंट जमिनीत नेणारं अर्थिंग उडतं, कारण ते जमिनीखाली असतं आणि वास्तुशांतीच्या पाहुण्यांना दिसत नाही. इक्बालभाईंचा हिशेब निराळा होता. वायरिंगचे पैसे वेगळे, तपासणीचे वेगळे. तपासणीचा दर बंगल्याला आणि खोपटाला सारखाच, आणि तो आधी घ्यायचा. मग आत जायचं. घर नापास झालं तर रिपोर्ट नाही आणि पैसेही परत नाहीत.

यावरून दुकानात जी भांडणं झाली ती ऐकायला लोक रस्त्यावर थांबायचे. "पैसे घेऊन नापास करते हा मानूस!" असं एक गृहस्थ ओरडत आले होते. इक्बालभाईंनी खिशातला कंगवा काढून केस सारखे केले आणि म्हणाले, "डॉक्टरनं शुगर वाढली म्हून सांगतलं, तं त्याले फी वापस मागता काय? वाढली तुमची, सांगतली म्या." नम्र वगैरे ते अजिबात नव्हते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, अत्तर, चकचकीत बूट, आणि आवाज असा की समोरच्या जीपवाल्यांनी प्रवासी बोलावणं थांबवावं. गावातले बाकीचे वायरमन त्यांना हेडमास्तर म्हणत. ते त्यांना मानाचं वाटायचं, हे त्या लोकांना कधी कळलं नाही.

त्यांच्या मुलीचं, नाझियाचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. दिग्रसचं घर, चांगली माणसं, कापडाचा व्यापार. बोलणी करायला मलाही नेलं होतं. शरबत झालं, मिठाई आली. एवढ्यात घरातली एक लहान मुलगी कूलरजवळ गेली आणि तिची आजी सवयीने म्हणाली, "चप्पल घाल बेटा, मग हात लाव." वऱ्हाडात हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. कूलर झिणझिण्या देतो, म्हणून चप्पल घालायची. कूलर दुरुस्त करायचा, हे कोणाला सुचत नाही. इक्बालभाईंनी मिठाईचा तुकडा बशीत ठेवला. खिशातून टेस्टर काढला. मी हळूच म्हटलं, "भाई, आज नाही." ते उठलेसुद्धा. टेस्टर कूलरच्या पत्र्याला लावला, त्यातला दिवा लागला. व्याह्यांकडे वळून म्हणाले, "रिश्ता पक्का. मुलगा मले पसंत आहे. पन या घरात अर्थिंग झाल्याबगर माही पोरगी येनार नाई." व्याही लालबुंद झाले. "आमी पिढ्यान्‌पिढ्या ऱ्हाऊन राह्यलो इथं, कोनी मेलं नाई!" इक्बालभाई म्हणाले, "मंग आता कोनाचा नंबर लावता? माह्या पोरीचा?" परतताना बसमध्ये सायराभाभी त्यांच्यापासून दूर, माझ्या शेजारी येऊन बसल्या. पंधरवडाभर लग्न मोडल्यातच जमा होतं. मग दिग्रसहून निरोप आला, अर्थिंगचा खड्डा झाला आहे, येऊन बघा. ते गेले, बघितलं, पास केलं... आणि तपासणीचे पैसे व्याह्यांकडून घेतले. मी विचारलं तर म्हणाले, "फुकट केलं असतं तं त्यायले वाटलं असतं का म्या तमाशा केला."

एकदा मात्र मी त्यांच्याशी खरोखर भांडले. शिवणकाम करणारी एकटी बाई, दोन खोल्या, मुलगी दहावीला. इक्बालभाईंनी घर नापास केलं. मीटर लांबलं, मुलगी शेजारच्यांच्या ओट्यावर बसून अभ्यास करू लागली. मी म्हटलं, "सही करून टाका, खड्डा मागून करून घेईल ती." ते म्हणाले, "मांगून कोन करते ताई? लाइट लागला का मानूस खड्डा इसरते." वाचणाऱ्यांना वाटेल, आता मी लिहिणार की त्यांनी गुपचूप तो खड्डा फुकट करून दिला. नाही दिला. बाईने पैसे जमवले, खड्डा केला, मग सही मिळाली. तेव्हा ते कठोर वागले असं मला आजही वाटतं. पण त्या घरातलं कोणी चप्पल शोधत कूलरकडे जात नाही, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी मी एकाच पारड्यात टाकणार नाही.

त्यांच्या मयतीला गर्दी खूप होती. त्यांनी नापास केलेले बरेच जण होते. कबरस्तानाच्या बाहेर एक जण दुसऱ्याला म्हणाला, "चला, आता रिपोर्ट लवकर भेटन." मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

इथवर लिहिलं आणि संध्याकाळी प्रमोदभाऊ आले. गावाबाहेर त्यांनी ले-आउट पाडून घरांची एक आख्खी ओळ उभी केली आहे. वायरिंग त्यांच्या माणसांची, पण वायर, बटणं, पंखे सगळं माझ्या दुकानातून गेलं. पुढच्या ओळीचं सामानही माझ्याकडूनच जायचं होतं, माझा हंगाम त्यावरच उभा आहे. त्यांनी फॉर्मचा गठ्ठा काउंटरवर ठेवला.

"ताई, भाई गेले, वाईट झालं. आता सही तुमचीच चालते ना?"

"चालते."

"मंग करून टाका. तुमी कायले उन्हात येता? इथंच बसा, कूलरच्या हवेत."

"घरं बघावी लागतील."

ते हसले. "भाईचं भूत बसलं काय तुमच्या आंगात? बघा बापा, मले घाई आहे. तुमच्याकडून होत नसन तं यवतमाळात सही करनारे लय आहेत. सामान बी तिथंच भेटते."

"तपासणीचे पैसे आधी लागतील," मी म्हटलं. "प्रत्येक घराचे वेगळे."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग खिशातून पैसे काढून फॉर्मवर आपटले. बाईमाणूस एप्रिलच्या उन्हात येणार नाही, असा त्यांचा अंदाज असावा.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, ऊन चढायच्या आत स्कूटी घेऊन ले-आउटवर गेले. बांधकामासाठी घेतलेली तात्पुरती वीज तिथे होतीच. पहिल्याच घरात बोर्ड उघडला, दोन वायरी जोडलेला बल्ब एका टोकाला फेजवर आणि दुसऱ्या टोकाला अर्थिंगवर लावला. बल्ब लागला नाही. हिरवी वायर धरून ओढली तर हातभर वायर भिंतीतून सरळ माझ्या हातात आली. प्लास्टरच्या आत ती कशालाच जोडलेली नव्हती. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्यातही तेच, आणि ओळीतल्या शेवटच्या घरापर्यंत तेच. तोवर प्रमोदभाऊंची गाडी आली. मी बोनेटवर फॉर्म ठेवले, प्रत्येकावर एकच कारण लिहिलं, खाली सही केली, शिक्का मारला आणि त्यांच्या हातात दिले.

त्यांनी एकेक फॉर्म उलटून बघितला. मग म्हणाले, "मंग आता केव्हा येता?"

"अर्थिंग झाल्यावर," मी म्हटलं. "तेव्हाचे पैसे वेगळे."