म्यानातून न निघणारा सुरा

माझे धाकटे दीर न्हावी होते आणि बोलत नव्हते. न्हावी आणि गप्प म्हणजे कावळा आणि पांढरा, असं लोक म्हणायचे. गिऱ्हाइकांनी त्यांचं नाव मौनीबाबा ठेवलं होतं. पण दुकान कधी रिकामं नसायचं बरं का. ज्यांच्या घरी बडबड जास्त, ते सगळे मौनीबाबांकडे यायचे. अर्धा तास कुणी काही विचारत नाही, डोक्यावरून थंड हात फिरतोय, आणखी काय पाहिजे माणसाला.

खाली दुकान आणि वर आमच्या दोन खोल्या. दुकानात दोन खुर्च्या होत्या. त्यातल्या एकीचं रेक्झिन फाटलेलं, तिच्यावर ते फक्त लहान मुलांना बसवायचे. मी त्यांना भावजी म्हणायचे, ते मला वहिनी. माझ्याशी मात्र ते बोलायचे. बोलायचे म्हणजे एकाच विषयावर, सुऱ्यांवर.

हे सुरे घरातले नव्हेत, लढाईतले. तुझे पणजोबा, माझे मामंजी, छावणीत न्हावी होते. सगळं आयुष्य शिपायांच्या दाढ्या करण्यात गेलं. घरी यायचे ते सुट्टीपुरते, पाहुण्यासारखे. शिपायाची बदली झाली, कुणी निवृत्त झाला, की जाताना हातात असेल ते मामंजींना देऊन जायचा. कुणी पट्टा दिला, कुणी डबा, कुणी आपला सुरा. एका सुऱ्याच्या मुठीला पितळेच्या चार कड्या होत्या, बोटं घालायला, म्हणजे पातं चुकलं तर ठोसा तरी बसावा. एक होता काळा कुळकुळीत, रात्री चमकू नये म्हणून मुद्दाम काळा केलेला. एकाचं पातं विणायच्या सुईसारखं बारीक. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, ह्यानं काय कापतात? मामंजी म्हणाले, "सूनबाई, ह्यानं कापत नाहीत." मग मी पुढं विचारलंच नाही.

मामंजी गेल्यावर वाटणी झाली. तुझे आजोबा मोटारींच्या कारखान्यात लागलेले, त्यांना वरच्या खोल्या मिळाल्या. ज्याच्या हातात कला त्याचं दुकान, म्हणून दुकान आणि त्यामागची खोली भावजींना. राहिली ती सुऱ्यांची पेटी. ती कुणालाच नको होती, भावजी सोडून. माझी जाऊ म्हणाली, "माझ्या पलंगाखाली मेलेल्यांची हत्यारं नकोत. त्यापेक्षा सवत आणली असती तर निदान भांडी तरी घासली असती."  पेटी पलंगाखाली गेली.

आता त्यांचं दुखणं सांगते. बोथट पातं त्यांना बघवायचं नाही. लोकांच्या घरी जेवायला गेले तरी आधी सुरीवर अंगठा फिरवणार. मला म्हणायचे, "वहिनी, बोथट पातं दिसलं की माझ्या दातात कळ येते." मामंजी गेले तेव्हा दुकान बंद होतं. लोक रडतात, कुणी भिंतीकडे तोंड करून झोपतात. भावजींनी पेटी उघडली, धार लावायचा दगड ओला केला आणि बसले. सर्र सर्र आवाज, दुसरं काही नाही. एक सुरा झाला की हाताच्या केसांवर चालवून बघायचे. मी चहा घेऊन गेले तर मनगटापासून कोपरापर्यंत हात गुळगुळीत. म्हटलं, "भावजी, बापाचं दुःख आहे, कबूल. पण हाताची हजामत कशाला?" जरासे हसले. त्यांनी रडणं त्या दगडावर काढलं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

सगळ्या सुऱ्यांना वस्तऱ्यासारखी धार आली. एक राहिला. त्याचं म्यान पत्र्याचं, तोंडाशी चेपलेलं, आणि आत काहीतरी चिकटलेलं. भावजींनी पाय लावून ओढला. जाऊ ओरडली, "सुटला तर पोटात जाईल, मग मी कुणाच्या दाढ्या करू?" त्यांनी तो तसाच ठेवून दिला.

पुढं त्यांना नादच लागला. भंगारवाल्यांना सांगून ठेवलेलं, म्हाताऱ्या शिपायांच्या घरी जाऊन बसायचे. एका शिपायाला तर म्हणाले, तुमची दाढी मरेपर्यंत फुकट, तो सुरा मला द्या. तो शिपाई चिवट निघाला, चांगला नव्वदीपर्यंत दाढीला येत होता. जाऊ म्हणायची, "सुरा महागात पडला." घरी आणला की प्रत्येक सुरा आधी दगडावर जायचा. पलंगाखाली एकाच्या तीन पेट्या झाल्या.

मग एक दिवस सुभेदार आले. निवृत्त माणूस, त्यांनाही असले सुरे जमवायचा नाद. कुणाकडून तरी ऐकून आले होते. भावजी इतके खूश, की त्या दिवशी फाटक्या खुर्चीवरही चादर घातली. पेट्या दुकानात आणल्या. सुभेदारांनी खिशातून भिंग काढलं. पहिला सुरा बघितला, दुसरा बघितला. चेहरा उतरत गेला.

"ह्यांना धार कुणी लावली?"

"मीच," भावजी म्हणाले. छाती ही एवढी पुढं.

सुभेदार भला माणूस होता, पण आवाज पडला त्यांचा. म्हणाले, "अहो, लढाईवरचा शिपाई आपल्या सुऱ्याला आपल्या हातानं धार लावायचा. मिळेल त्या दगडावर, बसेल तशी. कुणाची वाकडी, कुणाची खडबडीत. ती त्या माणसाची सही असते. आम्ही तेच तर बघतो. तुम्ही सगळ्यांना एकसारखं करून टाकलंत." मग भावजींचा चेहरा बघून त्यांनाच वाईट वाटलं. चहा घेतला, दाढीही करून घेतली आणि गेले.

भावजींची कुणी बिनपाण्यानं केली असती तरी एवढं लागलं नसतं. त्या दिवसापासून नवा सुरा आणणं बंद. पेटी उघडून बसायचे, पण दगड नाही. मला म्हणाले, "वहिनी, मेलेल्या माणसांचं एवढंच उरलं होतं. ते मी घासून टाकलं." जाऊ समजूत घालायला गेली, "दाढी केली म्हणा त्यांची. उगवेल परत." एरवी हसले असते, तेव्हा हसले नाहीत.

एकच वाचला होता, तो न निघणारा. आता त्याला कुणी हात लावायचा नाही असा हुकूम. तुझे आजोबा म्हणाले, "दे मला, कारखान्यात शिकंज्यात धरतो, एका झटक्यात बाहेर." भावजी म्हणाले, "दादा, त्या चेपलेल्या पत्र्यावर धार घासली जाईल. मग काय बघू?" तो सुरा त्यांनी उशाशी ठेवला. त्यात एका माणसाची सही शाबूत आहे, आणि आपण ती एकदा बघायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण काढायची हिंमत होईना. वर्षं गेली.

मग डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत येणार नाही आणि राहिलंय तेही टिकेल असं नाही. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा आणि डोळ्यांपुढं धुकं, कसं चालायचं? दुकान बारकीकडं गेलं. तुझी बारकी आत्या, त्यांची एकुलती लेक. तिचा हात बापाहून हलका, पण तोंड आईचं. भावजी फाटक्या खुर्चीवर बसून राहायचे. एका दुपारी म्हणाले, "बारके, तो सुरा काढ. दिसतंय तोवर बघू दे."

"आणि बिघडला तर?"

"तर तुझ्या हातून बिघडला म्हणेन. माझ्या नावावर आधीच पुष्कळ आहेत."

बारकीनं घाई केली नाही. म्यानाच्या तोंडाशी नाक लावून वास घेतला. म्हणाली, "बाबा, गंज नाही हा. वंगण आहे, सुकून दगड झालंय." आणि काय केलं असेल पोरीनं? केस वाळवायचं मशीन घेतलं. जेवणानंतर दुकानात कुणी नसलं की बसायची, मंद हवा म्यानावर धरायची, मशीनच्या तेलाचा एखादा थेंब आत सोडायची. वंगण मधासारखं पाझरायला लागलं. मग तुझ्या आजोबांनी पितळेची पातळ पट्टी करून आणली. पितळ मऊ, त्यानं पोलादावर ओरखडा जात नाही. ती पात्याच्या सपाट अंगावरून आत सरकवली आणि चेपलेला पत्रा हळूहळू बाहेर ढकलला. रोज थोडा. इकडे पत्रा सरळ होत होता आणि तिकडे भावजींचे डोळे जात होते. "वहिनी, आज हिरवं नेसलाय ना?" मी निळं नेसलेली असायचे. तरी मी म्हणायचे, "हो, हिरवंच."

सुरा निघाला तेव्हा आम्ही सगळे दुकानात होतो. बारकीनं ओढला आणि तो आला, लोण्यातून यावा तसा. वंगणामुळे पातं जसंच्या तसं. तिनं कापसानं अलगद टिपलं आणि बापाच्या हातात दिलं. भावजी दारापाशी गेले. उजेडात धरला, नाकाला लावला, तिरका केला, परत उजेडात धरला. मग हात खाली आला.

"उशीर झाला," म्हणाले. "काही दिसत नाही."

  मग बारकी उठली. "बाबा, तुम्ही वस्तरा डोळ्यांनी बघायचा की अंगठ्यानं?" आणि त्यांचा अंगठा धरून पात्यावर टेकवला.

त्यांनी अंगठा आडवा फिरवला. एका अंगानं, मग दुसऱ्या अंगानं. मान एकदम वर. परत फिरवला.

"ही शिपायाची धार नाही," ते म्हणाले. "ही वस्तऱ्याची धार आहे. कुणीतरी न्हाव्यानं लावलेली." अंगठा परत टेकवला. "आणि एका बाजूला झुकलीय. वहिनी, आबा दगडावर कुठल्या हातानं घासायचे?"

आबा म्हणजे मामंजी. मला विचारलं, कारण बाकी कुणाला ठाऊकच नव्हतं. भावजी कामाला शिकले ते मामाच्या दुकानात, दुसऱ्या गावी. बाप छावणीत. सुट्टीला आले की मामंजी मागच्या ओट्यावर दगड घेऊन बसायचे आणि पाणी सोडायला मी, नवी सून. म्हटलं, "वस्तरा उजव्या हातानं चालवायचे, पण दगडावर डावा हात. मला गंमत वाटायची."

भावजी त्या फाटक्या खुर्चीवर बसले. म्हणाले, "सगळेच असे झुकलेले होते. आबांच्या पेटीतले सगळे. मला वाटलं, शिपाई अडाणी, धार वाकडी लावलीय. मी सरळ केली." आणि मग, "शिपायांच्या नव्हत्याच त्या सह्या. आबांनाही बोथट बघवलं नाही."

जाऊ म्हणाली, "म्हणजे बापानं शिपायांच्या पुसल्या आणि लेकानं बापाच्या. घराणंच तसलं."

तेव्हा हसले बघ. कित्येक वर्षांनी. हसता हसता डोळ्यांतून पाणी. त्या डोळ्यांचा तेवढाच उपयोग राहिला होता. कितीतरी वेळ अंगठा त्या पात्यावर होता. बाप घरी कमी भेटला त्यांना. जे भेटलं होतं ते स्वतःच घासून टाकलेलं. पण एक राहिला होता, आणि तो हातात होता.

पुढं रोज दुपारी बारकी तो सुरा त्यांच्या हातात द्यायची. अंगठा फिरवायचे, परत द्यायचे. दिसणं पुरतं गेल्यावरही ते चालू होतं. त्या दिवसांत बोलायला पण लागले होते, गिऱ्हाइकांना आबांच्या गोष्टी सांगायचे. जुनी गिऱ्हाइकं वैतागली. म्हणाली, मौनीबाबा होते तेच बरं होतं.

ते गेल्यावर बाकीचे सुरे तुझ्या बापाकडे आले, कपाटावर आहेत तेच. पेट्या उचलण्याआधी जाऊनं त्यांना एकदा नीट नमस्कार केला. म्हणाली, "चला, सुटले." हा एक सुरा भावजींनी बारकीला दिला होता. सांगून गेले होते, म्यानात घालू नको, वंगण लावून कापडात ठेव, आणि दगडाजवळ नेऊ नको.

वर्षसुद्धा झालं नसेल. बारकी वर आली, हातात कापडाची गुंडाळी. "काकू, हा तू ठेव."

"का गं? बापानं तुला दिलाय."

खाली बघत म्हणाली, "काल दगड ओला करून बसले होते मी. टोकाशी जरा बोथट लागतोय. आई आतून हाक मारतेय असा भास झाला म्हणून उठले."

जित्याची खोड, बाळा. बारकीचा दोष नाही. तुझ्या बापाला देता येत नाही, त्याचीही बोटं शिवशिवतात. परवा माझी कात्री घेऊन बसला होता. म्हणून हा माझ्या लुगड्यांच्या मध्ये असतो. मी काही आता फार दिवस राखण करणार नाही, आणि राखणाऱ्याचे हात कसे पाहिजेत ते मला माहीत आहे. तुझ्यासारखे. पेन्सिलीला टोक काढताना निम्मी पेन्सिल मोडतेस तू.

ती वही ठेव जरा बाजूला. हात पुस. असा धर, मूठ इकडं. अंगठा धारेवरून ओढायचा नाही, आडवा फिरवायचा. घाबरू नको, मी धरलंय. आता दुसऱ्या अंगानं.

कुठल्या बाजूला झुकलेली लागते, सांग.