हक्काचा माणूस

त्याच्या कार्डावर सोनेरी अक्षरांत ‘मालमत्ता सल्लागार’ असं छापलेलं होतं आणि खाली, ‘आपला हक्काचा माणूस’. आपला म्हणजे कुणाचा, हे विचारायचं मला सुचलं नाही. वराळ्यातलं भाड्याचं घर महिन्याअखेर सोडायचं होतं आणि त्याने कान्ह्यात दाखवलेलं बैठं घर बायकोला बघताक्षणी आवडलं होतं.

रविवारमागून रविवार तो आमच्याच गाडीत पुढच्या सीटवर बसून फिरला. मी त्याच्यापासून काही लपवलं नाही. किमतीत जास्तीत जास्त कुठवर जाऊ, घरमालकाने कसा तगादा लावलाय, दुसरं घर नजरेत नाही, सगळं सांगून टाकलं. सातबारा मात्र मी दोन वकिलांकडून तपासून घेतला. माझा कागदावर विश्वास नव्हता, माणसावर होता.

पहिल्यांदा घर बघायला गेलो तेव्हा त्या घराच्या मालकांच्या, म्हणजे आबांच्या, बायकोने पाणी द्यायच्या आधीच विचारलं होतं, “कुनाचं तुमी? गाव कंचं?” मी पार आजोळापर्यंत पोचलो तेव्हा कुठे मावशींचं समाधान झालं. परतताना गाडीत मी त्यावर विनोद केले. सल्लागार सगळ्यांत मोठ्याने हसला. तो आबांना मामा म्हणायचा. पण उर्से टोलनाक्यावरच्या माणसालाही तो मामाच म्हणायचा.

किमतीची बोलणी करायच्या दिवशी मात्र तो आमच्याजवळ न बसता सरळ आबांच्या पलंगावर मांडी घालून बसला.

“आकडा कमी हुनार न्हाई,” आबा म्हणाले. “तुमी कुटवर याल ते ठावूक हाय आमाला. आन् म्हैन्याअखेर घर सोडायचंय न्हवं?”

मी चहाचा कप खाली ठेवला. घर सोडायचंय हे आम्ही अजून मुलीलाही सांगितलं नव्हतं.

बायकोने सल्लागाराकडे वळून मावशींचाच प्रश्न विचारला, “कुणाचे हो तुम्ही?”

“हेंचाच की! सख्खा भाचा.” तो खरोखरच चकित झाला होता. “तुमच्या म्होरंच मामा म्हनतो न्हवं?”

आबांनी मान वळवली. “म्हंजी तू सांगितलंच न्हाईस व्हय रं?”

“इचारलंच न्हाई की त्यांनी.”

मावशी आमच्याकडे बघतच राहिल्या. “आगं बया! तसंच फिरत व्हता त्याच्यासंगं?”

आम्ही उठलो. घर अजूनही तितकंच छान होतं, म्हणून उठणं जड गेलं. बाहेर आल्यावर सल्लागाराने सवयीने गाडीचा पुढचा दरवाजा उघडला.

“तुम्ही घरीच आहात की,” बायको म्हणाली आणि त्या सीटवर स्वतः बसली.

मी गाडी वडगावच्या दिशेने वळवली. महिना संपत आला होता आणि घरासाठी पुन्हा अशाच कुणाला तरी गाडीत घ्यावं लागणार होतं.