गोणपाटाची पेशी

प्राणिशास्त्राचे बिराजदार सर पहिल्याच तासाला आम्हाला मैदानात न्यायचे. जमिनीवर गोणपाट अंथरायचे, त्यातून आरपार खुंट्या ठोकायचे आणि खुंट्यांची डोकी दोरांनी एकमेकींना आवळायचे. गोणपाट म्हणजे पेशीचं आवरण, दोर म्हणजे तिचा आतला सांगाडा. "आतून ताण हाय तवर खुंटी जमीन धरती. ताण वाढला की पकड बी वाढती." मग एकेक खुंटी उपटत ते ढिल्या पोरांची नावं घ्यायचे. शेवटची उपटली की गोणपाट लाथेनं उडवायचे. "सुटलेली पेशी मरती. तिला कुणी मारावं लागत न्हाय."

इतकं स्वच्छ शिकवणारा आणि इतका दुष्ट माणूस मी दुसरा पाहिला नाही. मुलगी रडायला लागली की तिलाच वर्गाकडे तोंड करून धडा वाचायला लावायचे, म्हणजे तोंड लपवायला सोय नको.

माझे आईवडील माकणीहून ऊसतोडीला जात. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी वडिलांचा हात मोडला, म्हणून तास बुडवून त्यांचा कोयता मी धरला. ढोकीच्या फडातून थेट प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला आले, तर सर प्रयोगशाळेच्या दारात आडवे.

"सर, अभ्यास केलाय. एवढी परीक्षा देऊ द्या. न्हायतर घरचे लगीन लावत्यात माझं."

"मग कर की लगीन. सुटलेल्या पेशीला परीक्षा कशाला?"

सगळ्यांदेखत दार लागलं. वर्ष गेलं. लग्न मात्र मी होऊ दिलं नाही. आईशी भांडून येरमाळ्याला मावशीकडे राहिले आणि पुढच्या वर्षी पास झाले. सरांना रोज शिव्या घालत अभ्यास केला, हेही खरं.

आता मीही कॉलेजात शिकवते. या धड्याला दुसरी रीत सुचतच नाही, गोणपाटच अंथरते. नावं तेवढी घेत नाही.

गेल्या उन्हाळ्यात कळलं, सरांना आतड्याचा कर्करोग झालाय आणि तो यकृतात पसरलाय. भेटायला गेले. अंगावर मांस उरलं नव्हतं, जीभ शाबूत होती.

"ओळखलंत का सर?"

"व्हय. दारातनं परत लावून दिलेली." त्यांनी पोटावर हात ठेवला. "ह्या पेशी बघ, आतड्यातनं सुटल्या. मरायला पायजे हुत्या. मेल्या न्हाईत, दुसरीकडं जाऊन बसल्या."

आता तरी एखादा बरा शब्द निघेल, असं मला वाटलं. फार वाटलं.

सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू बी त्यातलीच."

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि निघाले. त्याच आठवड्यात सर गेले. मातीला मी गेले नाही.