ओढलेली बादली

अपंगांच्या त्या निवासी केंद्रात तिला सगळे थोरली मावशी म्हणत. अंघोळी, भरवणं, हागणं-मुतणं, बारा वर्षं तिनं नाक न मुरडता काढलं. पण सोमवारपासून न्हाणीघराचं दार दिसलं की ती वाट बदलायची.

सोमवारी तिथं पैलवानानं मागून धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं होतं. पैलवान म्हणजे तिशीतला, वाचा नसलेला, अंगानं दांडगा गडी. पाच टाके पडले. "उगाच बिथरला," एवढंच मावशीनं सांगितलं.

ते खोटं होतं. तिथं प्रत्येकाच्या खाटेवर कागद चिकटवलेला असे, याला कशाची भीती वाटते त्याचा. पैलवानाच्या कागदावर एकच ओळ होती: बादली ओढू नका. आणि मावशीनं भरली बादली फरशीवरून खरखर ओढत नेली होती. कळलं तर घरी बसवतील, या धास्तीनं तिनं चार दिवस ते लपवलं.

शुक्रवारी नव्या मुख्य बाईंनी बोलावलं. "बसा मावशी. टाके दुखतात?"

"डोकं कुठं लागतंय या कामाला?"

बाई हसल्या नाहीत. "उद्यापासून त्याला अंघोळीआधी गुंगीचं औषध द्यायचं ठरतंय. उगाच बिथरतो म्हणून."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. गुंगीतली माणसं तिनं पाहिली होती. लाळ गाळत दिवसभर पडून असायची.

"उगाच नाही बिथरला," ती फरशीकडं बघत म्हणाली. "मी बादली ओढली."

आता तोंडसुख घेतील म्हणून तिनं मान आत घेतली.

"का ओढली?"

असं बारा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. "कंबर धरली होती. माझ्या जोडीची धाकटी रजेवर. अकरा अंघोळी एकटीनं काढल्या."

"म्हणजे कामाच्या पाळ्या लावताना मीच चुकले," बाई म्हणाल्या. "औषध थांबवते." मग त्यांनी खाटेवर लावतात तसलाच कोरा कागद पुढं सरकवला. "यावर तुमची भीती लिहा."

"मी काय पेशंट आहे?"

"लिहा तर."

मावशीनं लिहिलं: एकटीला पाठवू नका. माझ्या मागं कुणी उभं राहू नका. कागद पाळ्यांच्या तक्त्याशेजारी लागला.

शनिवारी धाकटीनं बादलीची दुसरी बाजू धरली. "मावशी, बादली तिरकी होतेय."

"मग तू नीट धर की, भवाने."

दोघींनी बादली उचलून, आवाज न करता आत ठेवली. पैलवान एकदा बादलीकडं, एकदा तिच्या टाक्यांकडं बघत राहिला. मावशी दाराच्या बाजूला उभी राहिली.

"दार उघडंच ठेव," ती धाकटीला म्हणाली, आणि तांब्या भरला.