सीनेच्या वाळूतला झिरा

आज केडगावात शेजारच्या बांधकामावर ओली वाळू उतरली, आणि तिच्या वासासरशी मी बहात्तरच्या दुष्काळातल्या सीनेच्या कोरड्या पात्रात जाऊन बसले.

तेव्हा मी नवी सून होते. वाळूत कमरेएवढा झिरा खणायचा, पाणी पाझरेपर्यंत आत उकिडवं बसायचं आणि वाटीवाटीनं हंडा भरायचा. जरा धक्का लागला की कड ढासळायची आणि सगळं गढूळ व्हायचं. वर काठावर सासरे बसायचे आणि रोज नदीचा इतिहास सांगायचे. जामगावच्या डोंगरातून ती कशी निघते, खाली भीमेला कशी मिळते, कोणत्या पुरात वेशीपर्यंत पाणी आलं. एके दिवशी त्यांचा पूर ऐन रंगात आला आणि माझा भरत आलेला झिरा पुन्हा ढासळला.

"मामा, पुरे करा तो पूर! खाली या आन् ही वाळू धरा!" मी ओरडलेच. तोवर त्यांच्यापुढं मान वर केली नव्हती. आजूबाजूच्या बायका खणायच्या थांबल्या.

सासरे धोतर खोचून खाली उतरले. दोन्ही तळव्यांनी त्यांनी कड दाबून धरली. मग हळूच म्हणाले, "तू आलीस तवापास्नं ही नदी आशीच कोरडी हाय. म्या सांगितलं न्हाई, तर तुला वाटंल, बापानं खड्ड्यातच दिली."

मला त्याचाही रागच आला. ते नदीच्या वतीनं माझी माफी मागत होते, हे कळायला मला स्वतःला सून यावी लागली.