खिडकीखालची भिंत

गिरजेवाली माणसांना नावाने हाक मारत नसे. तिच्या लेखी गावातल्या प्रत्येक घराला गिरज्याच्या, म्हणजे चर्चच्या, भिंतीचा एक तुकडा होता, आणि हाक त्यावरून. आम्ही खिडकीखालचे. पाटलांकडचे दाराजवळचे. सोनाराची सून नाल्याकडची, म्हणून ती चिडायची. गिरजेवाली तिला म्हणे, "तुझ्या आजेसासूनेच ती जागा धरली. तिला पाणी जवळ पाहिजे होतं. आळशी होती."

खकनारकडच्या आमच्या गावातला तो गिरजा मातीचा होता, वर कौलं. पाद्री खंडव्याहून कधीमधी यायचा. एरवी झाडलोट, दिवा, घंटा सगळं हीच बघायची. विधवा बाई, हाडापेराने मोठी. एका नव्या पाद्र्याने तिला गिरज्याचा इतिहास विचारला, तर हिने त्याला भिंतीभोवती फिरवून आणलं. दुष्काळात मिशनच्या साहेबांकडून इथे अंगणात कण्या शिजायच्या. त्या खाऊन उठलेल्या बायकांनी भिंत घातली, ज्या घरची बाई त्या घरचा तुकडा. "हा इतिहास," ती म्हणाली. "साहेबांची नावं तुमच्या कागदांत असतील."

त्या दुष्काळापासून आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की माहेरी आलेल्या लेकी आणि घरच्या सुना पांढऱ्या मातीत भुसा तुडवून आपापला तुकडा लिपायच्या. त्यांतल्या बहुतेक ख्रिस्ती नव्हत्या. ख्रिस्ती घरं दोन-तीनच. दुसरीच्या तुकड्याला हात लावायचा नाही, हा गिरजेवालीचा नियम. माझी आजी अंथरुणाला होती त्या वर्षी शेजारीण आमचं लिपायला बसली, तर हिने तिच्या हातातला गोळा काढून घेतला. "तिची तिला उठून करू दे. नाहीतर तिला वाटेल, आपण मेलोच." आजी उठली आणि तिने लिपलं.

मग साहेबाचं राज्य गेलं. नवं सरकार माणसं मोजणार, अशी बातमी आली. पुरुषांनी पारावर बसून डोकं चालवलं, की गिरज्याला हात लावील तिचं नाव ख्रिस्ती म्हणून लागेल, मग पोरींची लग्नं व्हायची नाहीत. हे ठरवण्यात माझे वडील पुढे होते.

आखाजीनंतर तिने नेहमीसारखी माती भिजवली. कोणी गेलं नाही. मग ती आमच्या दारी आली.

"वहिनी, खिडकीखाली भेग गेली आहे. यंदा नाही लिपलं तर पावसात धरणार नाही."

आई भाकरी थापत होती. तिने वडिलांकडे पाहिलं.

"पाद्र्याला सांगा," वडील म्हणाले. "त्याचं देऊळ आहे."

"भिंत तुमच्या आईची आहे, भाऊ."

"आई गेली."

"मी होते की तिच्या मातीला," ती म्हणाली आणि गेली.

तिने आपला तुकडा लिपला. आमच्याला हात लावला नाही. ती बोलते तसं, पण शेवटी करूनच टाकील, या भरवशावर सगळं गाव गप्प बसलं होतं. श्रावणात भिंत खिडकीखालून बसली आणि छप्पर घेऊन गेली. मोजणीवाला आला तेव्हा त्याने भिंतीचं काही विचारलंच नाही.

पाद्र्याने घंटा गाडीत घातली आणि तिलाही खंडव्याला न्यायचं ठरवलं. निघताना ती टोपलीभर माती घेऊन आमच्याकडे आली. "ही तुमची. चांगली मळलेली आहे, टाकू नका." आईने माती ओतून घेतली आणि टोपली तशीच रिकामी परत दिली. आपल्यात मूठभर दाणे तरी घालतात. गिरजेवालीने टोपलीत पाहिलं, ती काखेला लावली आणि गाडीकडे चालू लागली.

त्या मातीची आईने चूल घातली. तिच्यावरची भाकरी वडिलांनी खाल्ली, आम्हीही खाल्ली.

आता मी बुऱ्हाणपुरात लेकाकडे असते. शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाही, चिमूटभर साखर तरी घालते. सून म्हणते, आई, कशाला एवढं. तिला मी सांगत नाही. साखरेने ती टोपली भरत नाही.