बरोबरीचा डाव आणि चुडाव्याची गाडी

मी बुद्धिबळात जिल्ह्याच्या संघात गेलो होतो, हे आमच्या ऑफिसात अजून कौतुकानं सांगतात. मी लगेच चहाचा विषय काढतो.

परभणीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये निवड स्पर्धा होती. शेवटच्या फेरीत माझ्यासमोर चुडाव्याचे काका आले, तिथल्या मारुतीच्या देवळाचे पुजारी. मला बरोबरी पुरत होती, काकांना मात्र जिंकणंच भाग होतं. साठी उलटलेला हा माणूस दरवर्षी थोडक्यात हुकायचा.

काकांनी नेहमीसारखी मधली प्यादी जागेवरच ठेवली. उंटासमोरचं प्यादं दोन घरं पुढं सरकवलं आणि डाव कडेकडेनं आवळत आणला. ही सुरुवात मला त्यांनीच शिकवलेली, तरी मी अडकलो. राजा कोपऱ्यात, वजिराला हलायला जागा नाही. हरणार हे मला स्वच्छ दिसत होतं.

काका मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायला लागले. साडेपाचच्या पॅसेंजरनं गेले तरच देवळात दिवा वेळेवर लागणार होता. मोबाइल सगळ्यांचेच पंचांकडं जमा होते.

दुपारच्या सुट्टीत मी मेव्हण्याला स्टेशनवर सोडून आलो होतो. ती पॅसेंजर दोन तास उशिरा सुटणार, हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

“काका, गाडी चुकेल तुमची,” मी म्हणालो. “बरोबरी करायची का?”

वर काळजीचा सूर लावला. लाज कशी वाटली नाही, कोण जाणे.

काका बराच वेळ पटाकडं बघत राहिले. “चला. देवाला अंधारात ठेवून काय जिंकायचं,” म्हणत त्यांनी हात मिळवला आणि पिशवी उचलून जवळजवळ पळतच गेले. मी हाक मारू शकलो असतो. नाही मारली.

पंधरा दिवसांनी ते ऑफिसात आले. माझी निवड झाली म्हणून मारुतीला नारळ फोडला होता, त्याचा प्रसाद घेऊन.

“गाडी दोन तास लेट व्हती बघा, साहेब. दिवा उशिराच लागला. फलाटावर बसून सगळा डाव डोक्यात खेळलो. हत्ती दिला असता तर चार चालीत मात व्हती.” मग त्यांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. “जाऊ द्या. तुमाला तरी काय ठाऊक असणार.”

मी खोबरं तोंडात टाकलं आणि म्हणालो, “नाही ना, काका.”